एकादशीची भाकरी

आमच्या मामंजींच्या दमणीची गोष्ट मुधोळात अजून सांगतात. तशी गाडी पुन्हा झाली नाही म्हणतात. माझ्यापुढं कुणी तो विषय काढला की मी उठून आत जाते. लोकांना वाटतं, म्हातारीला जुन्या आठवणीनं भरून आलं. भरून येत नाही, राग येतो. इतकी वर्षं झाली, निजाम गेला, तहसिलीवरचा झेंडा बदलला, तरी येतो.

मामंजी म्हणजे माझे सासरे हणमंतराव. मुधोळच्या तहसिलीत अहलकार होते. अहलकार म्हणजे कारकूनच, पण उर्दूतून अर्जी लिहिणारा कारकून, म्हणून गावात मान मोठा. मोठे साहेब दौऱ्यावर निघाले की मामंजींना बरोबर नेत. साहेबांचे तंबू, त्यांचे पलंग, झाडाखाली मांडलेली मेजं हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. आपणही एकदा असं घर बरोबर घेऊन फिरायचं, हे त्यांच्या डोक्यात बसलं.

दोन हिवाळे सुतार आमच्या अंगणात होता. बैलांची दमणी नेहमीची असते तिच्यापेक्षा ही दीड हात लांब. वर कामट्यांची कमान, तिच्यावर बांबूचा तट्टा, तट्ट्यावर मेण लावलेलं कापड. आत दोन्ही बाजूंना फळ्या, त्या खाली सोडल्या की झोपायला जागा. मसाल्याच्या डब्यांना खण, आरशाला खिळा, कंदिलाला आकडा. गाडीच्या पोटाखाली दोरीची झोळी, तिच्यात शेगडी आणि भांडी. कुणी पाहुणा आला की मामंजी आधी फळी सोडून दाखवत, मग चहाचं विचारत.

आता माझ्या बहिणीचं, भागाचं सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

माझं माहेर पिंपळझरी, बोथच्या पुढं, किनवटच्या अलीकडं. वडील बाबाराव, ओढ्याकाठी भाजीचा मळा. भागा जन्मली आणि आठव्या दिवशी आई गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची. शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून मी तिच्या तोंडात धरायची. शेजारच्याच घरात चुलती होती, प्रयागबाई. तिनं पोरीला हात लावला नाही. आईला खाऊन आलेली पोर, असं ती तोंडावर म्हणायची, आणि भागाला कळायला लागल्यावरही म्हणत राहिली.

आमच्याकडं कन्यादानाला जोडीनंच बसावं लागतं. बायको नसलेल्या बापाला पाटावर बसता येत नाही. जी जोडी बसेल तीच पुढं त्या मुलीचे आईबाप. दिवाळीला तिला आणायचं ते त्यांनीच, पहिलं बाळंतपण त्यांच्याच घरी. मुलीचं माहेर त्या पाटावर ठरतं. म्हणून भागाचं लग्न जमल्यावर वडिलांनी अक्षत घेऊन माणूस पाठवला तेव्हा त्याच्याबरोबर दोन निरोप आले. वडिलांचा निरोप असा, की लग्न मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशीला, गोरज मुहूर्तावर, वनानं, म्हणजे मी, आणि जावयांनी कन्यादानाला बसावं. भागाचा निरोप माणसानं मला चुलीपाशी येऊन वेगळा सांगितला. ती म्हणाली होती, "अक्काले म्हणा, पाटावर तूच बस. काकी बसली तर मी कोणाच्या घरी येऊ?"

तेरा वर्षांची पोर. तिला नवरा कसा आहे याची नव्हती, तेवढी ही काळजी होती.

मुधोळहून पिंपळझरी सरळ वाटेनं चार दिवस. पण मामंजींनी महिन्याची रुखसत, म्हणजे रजा, घेतली. लग्नाच्या निमित्तानं दमणी बाहेर काढायची, भैंसा, निर्मळ, मग कुंतलाचा धबधबा, तिथून बोथवरून पिंपळझरी, आणि लग्न लावून माहूर करून परत. लग्नाआधी तीन दिवस पोचतो की नाही बघ, म्हणाले. तारीख त्यांनी कागदावर लिहून टोपीच्या घडीत ठेवली होती. मी खोटं सांगणार नाही, मलाही आनंद झाला. लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि मी मुधोळची वेस दोनदा ओलांडली होती.

निघालो चौघंच. मामंजी, सासूबाई जयवंताबाई, माझा नवरा उद्धव आणि मी. बैल उद्धव हाकायचा. तो बैलांशी दिवसभर बोलायचा आणि माणसांशी चार शब्द.

भैंशाला आमराईत मुक्काम केला. कापसाच्या गाड्या जिनिंगकडं रांगेनं चालल्या होत्या आणि प्रत्येक गाडीवाला आमच्यापाशी थांबत होता. मामंजींनी त्या संध्याकाळी किती वेळा फळी सोडली आणि उचलली ते मला माहीत नाही. मी शेगडीवर वरण शिजवत होते आणि धुरळा वरणात पडत होता.

निर्मळला एक दिवस राहायचं होतं. किल्ला बघितला, तोफा बघितल्या, तळ्यावर धुणं धुतलं. मग मामंजींना निर्मळचे नकाशीवाले आठवले, जे लाकडाची खेळणी आणि पाट रंगवतात. गाडीच्या फळ्यांवर पोपट आणि वेली काढून घ्यायच्या, आणि मागच्या फळीवर नाव, उर्दूत आणि बाळबोधीत. रंग वाळायला वेळ लागतो. एकाचे तीन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी मी उद्धवला म्हटलं की लग्नाला उशीर होईल. तो म्हणाला, दादा, म्हणजे मामंजी, हिशेब करूनच बसले असतील. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही, बैलाच्या खुरातला खडा काढत होता. राग तिथं सुरू झाला. पण तेव्हा तो सुनेचा राग होता, गिळायचा.

घरी असते तर मला तिथी कळली असती. मुधोळात जोशी रोज सकाळी दारावरून तिथी सांगत जायचा. वाटेवर ते नव्हतं. अमावास्या आम्ही भैंशाच्या पुढं कुठंतरी ओलांडली, त्या दिवशी सगळे धुळीनं आणि उन्हानं बेजार होते. पुढं मी चंद्र बघून दिवस धरत होते.

घाट चढून नेरडीगोंड्यावरून आम्ही कुंतलाच्या रानात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. दमणी वरच्या सपाटीवर लावली, खाली दरीत पाण्याचा आवाज नुसता घुमत होता. जवळच्या गोंडांच्या वस्तीतून दोघं आले, वाघाची वर्दळ आहे म्हणाले आणि शेकोटीला लाकडं देऊन गेले. चंद्र वर आला होता. मी बघितला, अर्ध्याच्या पुढं गेलेला. नवमी. म्हणजे लग्न चौथ्या दिवशी, आणि इथून पिंपळझरी दोन दिवसांची वाट.

मी जेवण वाढता वाढता बोलले. सासऱ्यांपुढं बोलायची रीत नव्हती, म्हणून उद्धवला ऐकवून बोलले, की आज नवमी आहे, उद्या धबधबा बघून परवा पहाटे निघालं पाहिजे.

मामंजींनी टोपी काढली, घडीतला कागद काढला, कंदिलाजवळ धरला.

"आज सप्तमी," ते म्हणाले. "कचेरीतून इचारून लिहिलं हाये."

मी पुन्हा उद्धवलाच म्हटलं, चंद्र अर्ध्याच्या पुढं गेला आहे.

"चंद्र काय अहलकार हाये, रोज येळेवर हजर व्हाले?" मामंजी म्हणाले, आणि स्वतःच हसले. उद्धवही हसला. सासूबाई ताटात बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दरीत उतरलो. वाट अवघड, दगड निसरडे. सासूबाईंचा हात मी धरला होता. त्या कधी एवढ्या उतरल्या नव्हत्या, गुडघे धरून धरून उतरल्या, पण थांबू म्हणाल्या नाहीत. आणि मग झाडं संपली आणि पाणी दिसलं.

ते कसं होतं हे मी सांगणार नाही. ज्यांना बघायचं त्यांनी जाऊन बघावं. एवढंच सांगते की तीन टप्प्यांनी पडणाऱ्या त्या पाण्यापुढं आम्ही चौघंही गप्प झालो. मामंजीसुद्धा. दुपारी उद्धवनं माझ्या अंगावर पाणी उडवलं आणि मी हसले. मोठ्यानं हसले, सासूबाईंसमोर. भागा तेव्हा माझ्या मनात नव्हती. हे मी पुढं कुणाजवळ कबूल केलं नाही, इथं करते.

सासूबाई दिवसभर एका खडकावर बसून होत्या. पाय पाण्यात. जेवायला उठल्या नाहीत, मी भाकरी तिथंच नेऊन दिली. दिवस कलल्यावर मामंजींनी दोनदा हाक मारली तेव्हा उठल्या.

त्या रात्री मी झोपताना माझं माझं ठरवलं. मामंजींचा कागद खरा की चंद्र खरा, हे उद्या कळणार होतं. माझ्या हिशेबानं उद्या एकादशी. सासूबाईंची एकादशी आयुष्यात चुकली नव्हती. तापात धरायच्या, आणि उद्धवच्या वेळेला कळा सुरू असतानासुद्धा त्यांनी अन्न घेतलं नव्हतं, हे त्या स्वतः सांगायच्या. त्यांच्या कमरेला एक कापडी कसा असायचा, दोन कप्प्यांचा. त्यात चिंचोके. रोज अंघोळ करून देवाचं नाव घेतलं की एक चिंचोका इकडच्या कप्प्यातून तिकडं. पंधरा झाले की पक्ष संपला. त्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही. पण उद्या त्यांनी उपास धरला तर मामंजींच्या कागदाला त्यांच्याच बायकोनं उत्तर दिलं असतं, मला तोंड उघडायची गरज नव्हती.

सकाळी मी भगरीची पिशवी काढली. निवडून धुऊन ठेवली. शेंगदाणे भाजायला घेतले.

सासूबाई अंघोळ करून आल्या. भगरीकडं बघितलं.

"भगर काऊन काढली?" त्या म्हणाल्या. "भाकरी टाक."

मी विचारलं, "आत्याबाई, आज एकादशी हाये ना?"

"तुह्या मामंजीनं तिथी सांगतली ना," त्या म्हणाल्या, आणि शेगडीपाशी बसल्या.

मी भाकरी टाकली. त्यांनी खाल्ली. रोज एक खायच्या, त्या दिवशी दीड खाल्ली. ठेच्याबरोबर, माझ्याकडं न बघता, भराभर. मी समोर बसून बघत होते. घासामागून घास गेला आणि माझी खात्री गेली. मी म्हटलं, चुकले असेन मी. रानात धुकं असतं, चंद्र मोठा दिसत असेल. जिनं बाळंतपणात एकादशी मोडली नाही ती आज कशी मोडेल? आज एकादशी नसणारच.

ओली भगर मी फडक्यावर पसरली, वाळवली आणि पिशवीत परत घातली. माझी चूक ती तेवढीच. पण ती मी केली.

मग आम्ही तिथं राहिलो. तो दिवस राहिलो आणि पुढचाही. जंगलखात्याचा कुणी अमीन घोड्यावरून आला, त्याला दमणी आवडली, त्यानं मामंजींना जेवायला बोलावलं. सासूबाई दोन्ही दिवस पाण्यापाशी. उद्धव म्हणाला, बैलांनाही आराम झाला.  बोलायला माझ्याजवळ काय उरलं होतं?

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. निघताना सासूबाईंनी स्वतः भगर मागितली. आज एकादशी, म्हणाल्या. मामंजी खूश झाले. "बघ," मला म्हणाले, "आता तरी पटलं?" मी मान हलवली. भगर शिजवली. मला पटलं होतं.

संध्याकाळी बोथच्या अलीकडं एका ओढ्याकाठी गाडी सोडली. गाई घराकडं परतत होत्या, धुरळा उडत होता, सूर्य टेकला होता. मामंजी अमीनाच्या जेवणात काय काय होतं ते सांगत होते. सासूबाईंच्या पुढं भगर तशीच पडून होती. मी विचारलं, बरं वाटत नाही का? त्या म्हणाल्या, भूक नाही. बरोबर त्या वेळेला पिंपळझरीत भागा पाटावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. वेशीपासून मामंजी पुढं बसले होते, टोपी नीट करून. बघा, एक दिवस आधी आणलं तुमाले, म्हणत होते.

वडिलांच्या दारात मांडव होता. आंब्याची पानं सुकून मुडपली होती. जमिनीवर पत्रावळींचा ढीग, त्यावर कुत्री. वडील एका खांबाला टेकून बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत.

मी गाडीतून उडी मारली. "बा, भागा कुठं हाये?"

"सावरीले, सासरी. सकाळी वरात गेली." वडिलांनी मांडवाकडं बघितलं. "काल लई वाट पाह्यली, वना. भटजीनं दोनदा मंगलाष्टक थांबवलं. मंग येळ जाऊन राह्यली म्हणाले. प्रयाग बसली पाटावर, जोडीनं."

मामंजी खाली उतरले. कागद काढला. मला अजून तो कागद दिसतो, घामानं पिवळा पडलेला. ते माझ्या वडिलांना, ज्यांनी आदल्या दिवशी पोर उजवली होती, सांगायला लागले की लग्न उद्या आहे. तेरा तारीख उद्या आहे. तुमच्या भटजीनं घोळ केला. कचेरीत पेशकाराला विचारून लिहिलं आहे, चांदाची तेरा तारीख उद्या पडते.

 वडील म्हणाले, "चांद दिसल्यापासून तेरा ती तुमच्या कचेरीची, राव. आमची तिथी आवसेपासून. चांद दिसेपर्यंत आमचे दोन दिस होऊन जाते."

एवढंच होतं ते. कचेरीच्या जंत्रीत सरकारी फसली तारीख होती, चांदाची होती, तिथी नव्हती. मुधोळच्या बाजारातल्या कुठल्याही बाईनं त्यांना सांगितलं असतं. पण बाजारातल्या बाईला विचारायचं तर तहसिलीत बत्तीस वर्षं कशाला घालवली? मामंजींनी कागदाची घडी घातली. टोपीत ठेवली. म्हणाले, "घडते असं." पुढं त्यांनी गाडीभोवती जमलेल्या दोघातिघांना पोपट दाखवले. हो, दाखवले. माणसाला लाज वाटली की तो काहीतरी दाखवत सुटतो हे मला आता कळतं, पण तेव्हा तो पोपट मला नखांनी खरवडून काढावासा वाटला.

प्रयागबाई तिच्या दारात उभी होती, नव्या लुगड्यात. "आली का बाई फिरून?" तिनं विचारलं.  तिच्यावर मला त्या दिवशी राग आलाच नाही. ती जशी होती तशीच वागली.

मी परत गाडीकडं वळले. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. मामंजी चुकले, कारण ते कागदावरून मोजत होते. सासूबाई कागदावरून मोजत नव्हत्या.

सासूबाई अजून गाडीतच बसल्या होत्या, उतरल्या नव्हत्या. मी आत चढले, त्यांच्या कमरेचा कसा ओढला आणि माझ्या ओटीत ओतला. सुनेनं असं करायचं नसतं. त्यांनी माझा हात धरला नाही.

मी मोजले. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, ते पुढं म्हातारपणी नातीच्या पाटीवर शिकले, पण पंधरापर्यंत मला मोजता येत होतं. एका कप्प्यात एक चिंचोका. दुसऱ्यात चौदा.

"चवदा हायेत," मी म्हटलं.

"हाये," त्या म्हणाल्या.

"म्हणजे त्या दिवशी एकादशी होती."

"होती."

बाहेर मामंजींचा आवाज येत होता. फळी कशी सोडायची ते कुणाला तरी सांगत होते.

"हे दौऱ्यावरून येत," सासूबाई हळू बोलल्या, "आन् सांगत, असं पाणी, तसं पाणी. बत्तीस वरसं आयकलं. एक दिवस पाह्यलं, वना. मले आणखी एक दिवस पायजे होता. म्हटलं, एक दिवसानं काय होते, तरी पोचून जाऊ. दुसऱ्या दिवशी सांगणार होते."

"काऊन नाय सांगतलं?"

"भाकरी खाल्ली होती ना. सांगतलं असतं त मी एकादशीले खाल्ली हे सांगा लागलं असतं."

 देवाला फसवलं हे नवऱ्याला कळू नये म्हणून दुसऱ्या दिवशी गप्प, तिसऱ्या दिवशी खोटा उपास. आणि तिकडं माझी पोर मांडवातून रस्त्याकडं बघत उभी.

"देवाचं तुमी पाहा," मी म्हटलं. "तुमी मले दाखवून खाल्ली. माह्या हातची भाकरी, माह्या समोर बसून."

त्यांनी पदर तोंडावर घेतला. रडल्या असतील. मी बघायला थांबले नाही. चिंचोके मी गाडीच्या खाली टाकून दिले.

संध्याकाळी मामंजींनी उद्धवला सांगितलं की उद्या पहाटे माहूरला निघू, आता आलोच आहोत तर. मी पहिल्यांदा सासऱ्यांकडं तोंड करून बोलले. मी येत नाही, म्हणाले. दमणीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही. ते उद्धवकडं बघायला लागले, की आता हा बायकोला समजावेल. उद्धव गव्हाणीत कडबा टाकत राहिला.  निदान त्या वेळी त्याचं गप्प बसणं माझ्या कामी आलं.

पहाटे मी सावरीची वाट धरली. पायी सहा कोस. दोन कोसांवर मागं पावलं वाजली. उद्धव होता. त्यानं माझ्या डोक्यावरचं गाठोडं घेतलं आणि मागून चालत राहिला.  परत चल असं ऐकायची मी तयारी ठेवली होती, पण तो तसं म्हणाला नाही.

भागा सासरच्या परसात भांडी घासत होती. हळदीचे हात राखेत. मला बघून ती उभी राहिली, पण धावत आली नाही. आता ती कुणाची तरी सून होती आणि ओसरीवरून चार डोळे बघत होते. मी तिच्याजवळ बसले आणि भांडी घासायला लागले. उशीर कसा झाला ते सगळं सांगितलं. निर्मळचे पोपट, कागद, भाकरी. मला वाटलं ती रडेल, मला बोल लावेल. मी त्यासाठीच सहा कोस चालले होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तवा उलटा करून ठेवला.

"पाणी लई होतं काय, अक्का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पाणी खूप होतं, आणि मी त्यात हसले होते.

प्रयागबाईनं तिला पहिल्या दिवाळीला आणलं. दुसऱ्या दिवाळीला गाडी मोकळी नव्हती. तिसऱ्या दिवाळीला विचारलंच नाही. भागाचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. वडिलांच्या घरी ती यायची ती पाहुणी म्हणून, सकाळी येऊन संध्याकाळी जायची. मी न्यायला गेले की तिची सासू म्हणायची, पाटावर तुमी होता काय? रीत माणसाला माहीत असते, ती तशी बोलली तर तिला काय बोलायचं.

मी मुधोळला परत आले. संसार केला. सासूबाईंचा शब्द खाली पडू दिला नाही, पाय चेपले, ताप काढले. पण पंधरा दिवसांनी एकादशी आली आणि मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. ज्वारीची, गरम, ठेच्याबरोबर. त्यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि उठून गेल्या. पुढच्या एकादशीला पुन्हा वाढली. प्रत्येक एकादशीला. मामंजींना वाटायचं सून विसरभोळी आहे. उद्धवला माहीत होतं, तो जेवण उरकून बैलांकडं जायचा. आधी ताट सरकवून त्या उठायच्या, मग मी भगर आणून ठेवायची. असं तीन वर्षं चाललं.

तिसऱ्या दिवाळीनंतरची कार्तिकी एकादशी. भागाला कुणी आणलं नव्हतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी भाकरी वाढली. सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. मग दुसरा. मामंजी समोर जेवत होते, त्यांचा घास हातातच राहिला. आज एकादशी आहे, ते म्हणाले.

"हाये," सासूबाई म्हणाल्या. "मले माहीत हाये." आणि खात राहिल्या. पूर्ण भाकरी संपवली, मग अर्धी आणखी मागितली.

मी वाढली.  त्यानंतर मी एकादशीला त्यांना भाकरी वाढली नाही, आणि त्यांनी पुन्हा एकादशी धरली नाही, मरेपर्यंत. राग तिथं संपला असं लोकांना सांगायला बरं वाटलं असतं. मी तांब्या भरून त्यांच्यापुढं ठेवला आणि चुलीकडं वळले, कारण त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मला त्यांच्याकडं बघायचं नव्हतं.